मंडप, पाणी आणि कन्व्हेन्शन सेंटर

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आपटा सोडले की पुढे जिते नावाचे लहानसे स्टेशन लागते. गाव पेण तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गाच्या अंगाला. दरवर्षी १९-२० मार्चला आणि २५ डिसेंबरला मुंबई-ठाण्याहून महाडच्या क्रांतिभूमीकडे निघालेल्या आपल्या बांधवांच्या गाड्या याच भागातून पुढे जातात. जित्याला कोणी थांबत नाही, थांबण्याचे कारणही नसते. आता मात्र या साऱ्या पट्ट्याला सरकारने नवे नाव दिले आहे, 'तिसरी मुंबई'. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पेणचा खारेपाट आणि डोंगरपट्टी आता मुंबईच्या दारात आली आहे, किंवा मुंबई त्यांच्या दारात येऊन उभी आहे.

नव्या शहराचे चित्र काढायला बसले की मनोरे, मॉल, रुंद रस्ते येतात आणि एका कोपऱ्यात हमखास कन्व्हेन्शन सेंटर येते. जित्याच्या आसपास ते होईल की नाही, हा आजचा प्रश्न नाही. पण असे केंद्र शहराला काय देते आणि शहराकडून काय घेते, याचा विचार आंबेडकरी चळवळीने नकाशा पक्का होण्याआधी केला पाहिजे. ती इमारत उभी राहिल्यावर तिच्या दारात निदर्शने करून काय मिळणार?

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. साध्या मराठीत ती म्हणजे पक्क्या भिंतींचा भला मोठा मंडप. प्रदर्शनासाठी खांब नसलेली मोकळी दालने, भाषणांसाठी सभागृह, छोट्या बैठकांच्या खोल्या, मोठे स्वयंपाकघर, मागच्या बाजूला ट्रक लावून माल उतरवण्याची जागा. दोन दिवसांच्या प्रदर्शनासाठी जागा चार-पाच दिवस घ्यावी लागते, कारण मांडणी आणि आवराआवर यांचेही दिवस धरावे लागतात. निव्वळ भाड्यावर असा डोलारा चालवणे कठीण असते. म्हणून सरकार आणि बिल्डर सांगतात की फायदा इमारतीकडे पाहून मोजू नका, शहराकडे पाहून मोजा. बाहेरगावचा पाहुणा हॉटेलात राहील, टॅक्सीत बसेल, जेवेल, खरेदी करेल आणि पैसा शहरात फिरेल. हे खोटे नाही. वाशीचे सिडको एक्झिबिशन सेंटर २०२० च्या कोरोनाकाळात १,२०० खाटांचे उपचार केंद्र झाले, तेव्हा अशी मोठी छपरे अडचणीच्या वेळी शहराच्या कशी कामी येतात, तेही दिसले.

पण शहर म्हणजे कोण? हा सवाल आपल्याला नवा नाही. तो याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, १९२७ साली विचारला गेला होता. महाडच्या संगराकडे आपण पाण्याच्या हक्काचा लढा म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण ती एक परिषदही होती. हजारो माणसे बाहेरगावाहून एका लहान शहरात यायची होती. त्यांना बसायला मंडप हवा होता, प्यायला पाणी, शिजवायला धान्य, यायला-जायला वाहन आणि रात्री टेकायला जागा हवी होती. आजचे कन्व्हेन्शन सेंटर ज्या गोष्टींची हमी देऊन भाडे घेते, त्या याच गोष्टी. महाड शहराने त्या कशा दिल्या?

१९ आणि २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. प्रतिनिधी २,५०० च्या वर. चवदार तळे जवळच, पण त्यातले पाणी भरायला मनाई. बोले ठरावाला तेव्हा साडेतीन वर्षे झाली होती आणि महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठरावही करून ठेवला होता. तरीही परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. १९२७ चे ४० रुपये! २० तारखेला बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले, मागून सारे प्रतिनिधी प्याले. मग अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवली गेली आणि मंडपात जेवणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. अन्न मातीत तुडवले गेले. अनेकांना आसरा मिळाला तो मुसलमान बांधवांच्या घरांत.

डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी शहराने दारे आणखी घट्ट लावून घेतली. मंडपाला कोणी हिंदू जागा देईना. जागा मिळाली ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाची. दुकानदारांनी माल द्यायचा नाही असे ठरले, तेव्हा धान्य आणि इतर सामान बाहेरून आणावे लागले. आणि प्रवास? मुंबईहून बोटीने पेणजवळच्या धरमतरला उतरायचे आणि तिथून मोटारीने महाड गाठायचे, हा सोयीचा मार्ग होता. पण मोटारवाल्यांनी ऐनवेळी बहिष्कार घातला तर माणसे वाटेतच अडकतील, हे ओळखून बाबासाहेबांनी दासगावची बोट धरली. दासगावहून महाड पाच मैल. तेवढे पायी जाता येते. २४ डिसेंबरला पद्मावती बोट मुंबईहून निघाली, २५ ला दासगावला पोहोचली, आणि त्याच रात्री मंडपासमोर मनुस्मृतीचे दहन झाले. जागा, धान्य, पाणी आणि वाहन यांचा इतका बारीक विचार करून घेतलेली दुसरी परिषद महाराष्ट्राच्या इतिहासात सहजी सापडणार नाही. 'इव्हेंट मॅनेजमेंट'च्या वर्गात शिकवायला हरकत नाही, पण शिकवणार कोण?

त्या अनुभवानंतर आपल्या समाजाने स्वतःच्या छपराचा ध्यास घेतला असेल तर नवल नाही. गावोगावची समाजमंदिरे आणि बुद्धविहारे त्यातून उभी राहिली. लग्न तिथेच, शोकसभा तिथेच, रात्रीची अभ्यासिका तिथेच. ही आपली कन्व्हेन्शन सेंटरे आहेत आणि त्यांवरही घाला येतो. दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना २५ जून २०१६ च्या पहाटे जमीनदोस्त झाला, तेव्हा जुलैमध्ये मुंबईच्या रस्त्यांवर केवढा जनसागर उतरला ते सर्वांनी पाहिले. नागपुरात अंबाझरीचे आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडले गेले आणि ते पुन्हा उभे राहावे म्हणून आपल्या भगिनी दीर्घकाळ धरणे धरून बसल्या. मोठ्या जागा बाबासाहेबांच्या नावाने उभ्या राहिल्या, हेही खरे. दिल्लीत १५, जनपथवर डॉ. आंबेडकर इंटरनॅशनल सेंटर डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. महाडलाही राष्ट्रीय स्मारक आहे, त्यात सभागृह आहे. पण दारावर नाव बाबासाहेबांचे असले म्हणजे आतली तारीख गरिबाला परवडते असे नाही. (जयंतीच्या आठवड्यात हॉल मिळवण्यासाठी किती खेटे घालावे लागतात, ते कुठल्याही मंडळाच्या कार्यकर्त्याला विचारा.)

आता पुन्हा पेणकडे वळू. या तालुक्याला बाहेरच्या विकासाचा अनुभव आहे. महामुंबई सेझसाठी इथल्या सुपीक जमिनी मागितल्या गेल्या, तेव्हा प्रा. एन. डी. पाटलांसारख्या नेत्यांच्या साथीने लोक लढले आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. सेझ बारगळला. १२४ गावांच्या नव्या अधिसूचनेलाही शेतकऱ्यांनी हरकती घेतल्या आहेत. मात्र या लढ्यांत बोलतो तो सातबारा. ज्याच्या नावावर गुंठाही नाही तो बौद्धवाड्यातला मजूर आणि वाडीवरचा कातकरी नुकसानभरपाईच्या यादीत कुठे असतो?

पाण्याचे तर विचारूच नका. हेटवणे धरण पेणमध्ये, पण त्याचे पाणी सिडकोच्या नवी मुंबईला जाते आणि खारेपाटातल्या बाया हंडे घेऊन मोर्चे काढतात. उद्या दहा हजार पाहुण्यांच्या सभागृहाला, त्याच्या हॉटेलांना आणि हिरवळीला चोवीस तास पाणी लागेल. ते कोणाच्या वाट्यातून काढले जाईल? महाडात तळे होते आणि आपल्याला मनाई होती. इथे धरण आहे आणि नळ दुसरीकडे गेला आहे.

रोजगार मिळेल, असे सांगितले जाते. मिळेलच. मंडप बांधणारे, वायरमन, हमाल, वाढपी, पहारेकरी, सफाई कामगार असे शेकडो हात लागतात. पण ही कामे ठेकेदारामार्फत आणि कार्यक्रमापुरती असतात. सफाईचे काम कोणत्या वस्तीकडे येते, हे सांगायची गरज नाही. इंग्रजी बोलून पाहुण्यांचे स्वागत करणारे आणि हिशेब ठेवणारे मात्र मुंबईहून येतील, जर पेण-रोह्यातल्या आपल्या मुलामुलींना त्याचे शिक्षण आजपासून मिळाले नाही तर. दुसरीकडे हमरापूर, जोहे परिसरातले गणपतीचे कारखाने घ्या. मूर्तिकाराला वर्षातून एकदा आपला माल देशभरच्या व्यापाऱ्यांपुढे मांडायला मोठी जागा मिळाली, तर त्याचा मधल्या दलालावरचा भार कमी होईल. असे केंद्र भोवतालच्या गावांच्या उपयोगी पडू शकते, फक्त तशी अट आधी घालावी लागते.

म्हणून विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होईल आणि कायद्याप्रमाणे हरकती-सूचना मागवल्या जातील, तेव्हा पेण, पनवेल, उरणमधील आपल्या शाखांनी आणि महिला मंडळांनी लेखी सूचना द्याव्यात. सार्वजनिक जमिनीवरच्या सभागृहात वर्षातले ठरावीक दिवस स्थानिक संस्थांना नाममात्र भाड्याने राखून ठेवावेत, आणि त्यांत १४ एप्रिल, ६ डिसेंबर, २० मार्च, २५ डिसेंबर यांच्या आसपासच्या तारखा असाव्यात. सफाई आणि सुरक्षेच्या कामगारांना ठेक्यावर न ठेवता कायम करावे, निदान किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधीची जबाबदारी मूळ मालकाने लेखी घ्यावी. आसपासच्या गावांना आणि वाड्यांना नळाचे पाणी मिळाल्याशिवाय इमारतीला जोडणी देऊ नये. भूमिहीनांच्या घरांची यादी आराखड्याबरोबर जोडावी. सूचना मराठीत लिहाव्यात, वस्तीतल्या जास्तीत जास्त लोकांच्या सह्या घ्याव्यात, आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोहोच घ्यावी. सुनावणीच्या दिवशी ती प्रत हातात लागते.