हार्डविक हॉल : एका दालनाची दिशा

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील हार्डविक हॉल हा वाडा त्याच्या प्रचंड खिडक्यांकरिता विख्यात आहे. श्रूझबरीच्या अर्लची पत्नी एलिझाबेथ हिने १५९० मध्ये त्याचे काम आरंभिले व १५९७ मध्ये ती तेथे राहावयास गेली. आराखडा रॉबर्ट स्मिथसन याचा मानला जातो. काच ही त्या काळी महाग वस्तू. तेव्हा या खिडक्यांत वैभवाचे प्रदर्शन होते हे उघड आहे. (मनोऱ्यांच्या माथ्यावर तिने आपली आद्याक्षरेही दगडात घडवून उभी केली. विनय हा काही तिचा गुण नव्हे.) बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या राहिल्या, कारण धुराडी आतील मधल्या जाड भिंतीतून वर नेली होती.

परंतु या वास्तूचे खरे महत्त्व खिडक्यांहून अधिक, ज्या दालनावरून अशा वाड्यांस ‘हॉल’ हे नाव पडले त्याच्या मांडणीत आहे. मध्ययुगीन वाड्यात हे दालन दर्शनी बाजूस समांतर असे. प्रवेश एका टोकाकडून, लाकडी आडोशामागील बोळातून होई. दुसऱ्या टोकास चौथऱ्यावर धनी बसे आणि चाकरमाणसे त्याच्या देखत जेवीत. पंक्तीत उच्चनीच भाव होताच, पण छप्पर एक होते. हार्डविक येथे हॉल काटकोनात फिरविला आहे. दारातून आत येताच तो समोर सरळ, वाड्याच्या रुंदीत पसरतो. चाकर तेथेच जेवीत. मालकीण मात्र वर गेली. दगडी जिना वळणे घेत दुसऱ्या मजल्यावरील समारंभाच्या भव्य दालनापर्यंत पोहोचतो. मजल्यागणिक खिडक्यांची उंची वाढत जाते, त्यामुळे मान कोठे वसतो हे बाहेरूनच वाचता येते.

पुढे इंग्रजीत ‘हॉल’ या शब्दास घरातील प्रवेशाची खोली, किंबहुना नुसता बोळ, असा अर्थ आला. ही अर्थच्युती शब्दकोशात जितकी दिसते तितकीच अशा आराखड्यांतही दिसते. हार्डविकच्या नावात जुना अर्थ शाबूत आहे, तळमजल्यावर मात्र तो ढळू लागला आहे. मराठीने हा शब्द उचलला तो बैठकीच्या प्रशस्त खोलीसाठी. म्हणूनच इंग्रजी कादंबरीतील पाहुणा हॉलमध्ये छत्री ठेवून लगेच पुढे का जातो, हे मराठी वाचकास प्रथम उमगत नाही.