पाणबुड्याच्या मनगटावरील हिशेबनीस

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मालवणास जाऊन समुद्राचा तळ पाहून आलेल्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस वर्गांत प्रश्न केला. त्याच्याबरोबर उतरलेल्या मार्गदर्शकाच्या मनगटावर घड्याळासारखें एक यंत्र होतें. तें पाण्यांत बंद पडलें असतें तर काय झालें असतें? त्या उथळ पाण्यांत फारसें कांहीं झालें नसतें, असें सांगून आम्हीं वेळ मारून नेली. परंतु वीस-तीस मीटर खोल जाणाऱ्या पाणबुड्यास हाच प्रश्न जिवाचा आहे. सबब त्याचें उत्तर येथें सावकाश देण्याचें योजिलें आहे.

समुद्रांत दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरांवर हा दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो, आणि पाणबुड्याच्या तोंडांतील रेग्युलेटर त्यास त्याच दाबाची हवा पुरवितो. हवेंतील प्राणवायु शरीर खर्चीं घालतें. नत्रवायु मात्र कशाच्याच उपयोगीं न पडतां रक्तांत व मांसांत विरघळून राहतो. सोडावॉटरची बाटली एकदम फोडिली म्हणजे काय होतें, हें मुलांस सांगावयास नकोच. घाईनें वर येणाऱ्याच्या शरीरांत तसेच बुडबुडे उठतात. सांधे ठणकतात; मज्जारज्जूस इजा झाली तर पाय कायमचे लुळे पडूं शकतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य एंजिनियर वॉशिंग्टन रोब्लिंग हा पाणबुड्या नव्हे. परंतु नदीच्या तळाशीं दाबाची हवा भरलेल्या पेट्यांत काम करितां करितां १८७२ सालीं त्यास ह्याच विकारानें गांठलें, आणि पुढील बांधकामावर त्यास घरांतूनच देखरेख करावी लागली.

ह्यावर तोडगा म्हणजे हिशेब. ब्रिटिश नौदलासाठीं हॉल्डेन व त्याचे सहकारी ह्यांनीं शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ सालीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. किती खोलीवर किती मिनिटें राहिलें असतां वर कसें यावें, हें त्यांत मांडिलेलें होतें. विजेवर चालणारीं मनगटी यंत्रें, ज्यांस डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात, १९८३ च्या सुमारास विक्रीस येऊं लागलीं. कोष्टक सारी बुडी सर्वांत खोल ठिकाणींच काढली असें धरितें. यंत्र मात्र दर कांहीं सेकंदांनीं प्रत्यक्ष खोली मोजून हिशेब पुढें नेतें. शरीराचे कांहीं भाग नत्रवायु लवकर शोषितात, कांहीं उशिरां. हॉल्डेननें असे पांच भाग कल्पिले होते. झुरिक येथील डॉक्टर ब्यूलमन ह्यांच्या पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या पद्धतींत ते १६ आहेत.

आतां हें यंत्र विश्वासू आहे काय? गणितांत तें सहसा चुकत नाहीं. परंतु त्यास दाब आणि वेळ एवढेंच कळतें. तें बांधणारा थंडीनें कुडकुडत आहे कीं रात्रभर जागलेला आहे, हें त्यास ठाऊक नसतें. पेटी संपते, झांकणाच्या रबरी कड्यांत वाळूचा कण राहून पाणी शिरतें, कोणता वायु भरला आहे हें सांगावयास धनी विसरतो. यांपैकीं बंद पडणें ही सर्वांत सौम्य आपत्ति होय, कारण ती दिसते.

न दिसणाऱ्या चुकीचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. साध्या हवेंत प्राणवायु शेंकडा २१ असतो. नायट्रॉक्स नांवाच्या मिश्रणांत तो बहुधा ३२ किंवा ३६ ठेवून नत्रवायु तितका कमी करितात. १९९५ सालीं निघालेल्या एका नामांकित बनावटीच्या यंत्रांत ह्या मिश्रणाचा हिशेब होता. दोन बुड्यांच्या मधल्या वेळांत पाणबुड्या होडींत बसून साधी हवा घेतो. यंत्र मात्र तो तेथेंही नायट्रॉक्सच घेत आहे असें धरून चाले. त्यामुळें शरीरांतील नत्रवायु प्रत्यक्षापेक्षां झपाट्यानें गेला असें त्यास वाटे, आणि दुसऱ्या बुडीस तें वाजवीहून अधिक मिनिटें बहाल करी. यंत्र बिघडलें नव्हतें. तें रचणाऱ्याचा विचार चुकला होता. तीं यंत्रें परत मागविण्याची जाहीर सूचना अमेरिकेंत निघाली ती २००३ सालीं! मौज ही कीं, एखाद्यानें खबरदारी म्हणून त्याच जातीचीं दोन यंत्रें बांधिलीं असतीं, तर दोन्हीं एकमुखानें तीच चूक सांगतीं.

म्हणून जोडीचें यंत्र शक्य तर निराळ्या बनावटीचें असावें, आणि पहिल्या बुडीपासून अंगावर असावें. पेटींतून आयत्या वेळीं काढिलेल्या यंत्रास सकाळच्या बुडीची वार्ताच नसते. सोबत्याचें यंत्रही उपयोगीं नाहीं. तो दोन मीटर वर पोहत होता, त्याचा हिशेब त्याचा. घड्याळ, खोलीमापक आणि प्लॅस्टिकच्या पाटीवरील कोष्टक हीं जुनीं साधनें आम्हांस प्रिय आहेत. पण तींही सर्वकाळ तारीत नाहींत. यंत्राच्या भरंवशावर पायरीपायरीनें वर येत दीर्घकाळ राहिलेल्याचा वेळ कोष्टकाच्या मर्यादेबाहेर गेलेला असतो, मग कोष्टक मुकें होतें. ज्यास कोष्टकावर परतावयाचें आहे त्यानें आरंभापासून कोष्टकाच्या आंतच राहावें. सिलिंडरांतील हवा बिनतारी पद्धतीनें मनगटावर पाहणारानेंही नळीचा साधा दाबमापक काढून टाकूं नये.

उलट, सर्वांगास सामान लटकावून पोळ्याच्या बैलाप्रमाणें सजणारे पाणबुडेही आढळतात. अंधारांत हातास न सांपडणारें साधन हें ओझेंच.

मर्यादेच्या आंत असतां एकमेव यंत्राचा पडदा काळा झाला, तर बुडी तेथेंच संपली असें समजावें. मिनिटास ९ मीटरांहून अधिक वेग न करितां वर यावें. ५ मीटरांवर किमान तीन मिनिटें, हवा शिल्लक असल्यास अधिक, थांबावें. आणि पुढील २४ तास पाण्यांत उतरूं नये. ह्या शेवटल्या नियमानें सहलीचा एक दिवस बुडतो, आणि तोच मोडण्याचा मोह सर्वांत अधिक होतो.

तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ही विद्या शिकविणारी संस्था आहे. तेथें किंवा अन्यत्र मुलांस पाठवूं इच्छिणाऱ्या पालकांनीं, यंत्राबरोबर कोष्टक वाचावयासही शिकवितात कीं नाहीं, एवढें पैसे भरण्यापूर्वीं विचारून घ्यावें.