कणीएवढा जीव आणि तापता समुद्र

उन्हाळ्यात दूध बाहेर राहिले तर लवकर नासते. उलट थंडीत विरजण लावूनही दही लागता लागत नाही. हे तुम्ही घरी पाहिलेच असेल. ठरावीक मर्यादेपर्यंत उष्णता वाढली की सजीवांतील रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. हा साधा नियम समुद्रातील एका चिमुकल्या जीवाला कसा भोवतो, ते पाहू.

पाण्यात प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या जीवांना प्लवक म्हणतात आणि त्यांतील प्राण्यांना प्राणिप्लवक. उत्तर अटलांटिक महासागरातील ‘कॅलॅनस फिनमार्किकस’ हा असाच एक प्राणिप्लवक. कोळंबीचा हा दूरचा नातलग जेमतेम ३ मिलिमीटर लांब, म्हणजे तांदळाच्या कणीएवढा असतो. थंड पाणी त्याला मानवते. वसंत ऋतूत सूक्ष्म शैवले वाढली की तो ती भरपूर खातो आणि शरीरातील एका पिशवीत मेणासारखे तेल साठवतो. अन्नाचे दिवस सरले की तो शेकडो मीटर खोल जातो आणि तेथील गार, अंधाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने निपचित पडून राहतो. तेवढ्या काळात त्याची शिदोरी म्हणजे ते तेलच!

आता पाणी तापले तर काय होईल? आपले शरीर थंडीत आणि उन्हात सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमान राखते. कॅलॅनसला ते जमत नाही. जेवढे पाण्याचे तापमान, तेवढेच त्याच्या शरीराचे. कंदिलाची वात मोठी केली की रॉकेल लवकर संपते, तसेच त्याचे होते. अशा प्राण्यांत तापमान १० अंशांनी वाढले, तर चयापचयाचा वेग साधारणपणे दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. दुप्पट धरून हिशेब केला, तर केवळ ३ अंशांच्या वाढीने खर्च जवळजवळ पावपट वाढतो. म्हणजे सहा महिने पुरणारे तेल पाच महिन्यांच्या आतच संपणार!

दुसरी अडचण प्राणवायूची. गार सोड्याच्या बाटलीपेक्षा कोमट बाटली उघडताच वायू अधिक जोराने निसटतो, कारण कोमट पाण्यात वायू कमी विरघळतो. म्हणजे प्राणवायूची गरज वाढते, त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू कमी होतो.

तिसरा परिणाम आकारावर. अंड्यातून बाहेर पडल्यापासून प्रौढ होईपर्यंत कॅलॅनस अकरा वेळा कात टाकतो. उबदार पाण्यात तो भराभर कात टाकतो, पण अंगाने तेवढ्या वेगाने भरत नाही. त्यामुळे प्रौढ जीव लहानच राहतो आणि लहान देहात तेलही थोडेच मावते.

एवढ्याशा जीवाची काळजी कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण याच जीवावर सुमारे १५ मीटर लांबीचा ‘राइट व्हेल’ जातीचा देवमासा जगतो! तोंडातील झालरीसारख्या पट्ट्यांनी पाणी गाळून तो असे असंख्य जीव गिळतो.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगत मेनचे आखात आहे. २०१० च्या सुमारास तेथे खोलवर अधिक उबदार पाणी शिरू लागले आणि कॅलॅनसची संख्या घटली. यात प्रवाह बदलल्याचाही वाटा होता. भुकेले देवमासे मग उत्तरेकडे, कॅनडातील सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे वळले. तेथे जहाजांची वर्दळ आणि खेकडे पकडणाऱ्यांचे दोर होते; देवमाशांच्या रक्षणाचे नियम मात्र नव्हते. २०१७ मध्ये कॅनडाच्या पाण्यात १२ राइट देवमासे मेलेले आढळले. काही जहाजांच्या धडकेने, तर काही दोरांत अडकून मेले होते. त्यानंतर तेथे जहाजांच्या वेगावर मर्यादा आली. आज या जातीचे चारशेहूनही कमी देवमासे उरले आहेत. अन्न कमी पडले की माद्यांना पिल्लेही उशिरा होतात.

जहाजांचा वेग कायद्याने कमी करता येतो. कॅलॅनसच्या तेलाचा खर्च कायद्याने कमी होत नाही. त्यासाठी पाणीच गार राहायला हवे. आता सांगा पाहू, तेल लवकर संपलेला कॅलॅनस वसंत ऋतूच्या आधीच वर आला, तर त्याला खायला काय मिळेल?