लहरींचा शेजारधर्म

डोंबिवलीत घरूनच नोकरी करणाऱ्या एका भगिनीचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. कारण वायफाय मंदावले. दोष कोणाचा? २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एका चॅनेलवर, शेजाऱ्यांची यंत्रे धरून, एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे. दाटीच्या इमारतीत ही रांग लांबते. तेव्हा राउटर लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंच ठेवावा. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल अधिक, परंतु भिंती त्याला लवकर अडवतात. म्हणून तो त्याच खोलीत वापरावा. जागचा न हलणारा संगणक तारेने जोडावा. आणि सोसायटीच्या सभेत चॅनेल वाटून घ्यावेत. एकेकट्याने आवाज चढवला तर गोंगाटच वाढतो, हे आम्ही संघटनेत शिकलो.