लाकडी जमिनीचे मर्म

बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या विस्तीर्ण आवारात, मोतीबाग क्रिकेट मैदानालगत, सागवानी जमिनीची बंदिस्त क्रीडाशाला आहे. तेथे पाहणाऱ्याची नजर सागावर खिळते. परंतु चेंडूची उसळी सर्वत्र सारखी राहावयाची, तर त्या फळ्यांखालचा तळ सपाट असावा लागतो. घरातील लाकडी जमिनीचेही मर्म हेच होय.

तळ उंचसखल असला म्हणजे फळी दोन उंचवट्यांवर टेकते आणि मध्ये अधांतरी राहते. पावलागणिक ती लवते, करकरते. सांधे ढिले होतात आणि अखेर फटी पडतात. फळी कितीही मोलाची असो, हा दोष तिला झाकता येत नाही.

म्हणून प्रथम तळाची परीक्षा करावी. २ मीटर लांबीची सरळ पट्टी सर्व दिशांनी फिरवावी आणि तिच्याखाली जेथे उजेड दिसेल तेथे खडूने खूण करावी. एवढ्या लांबीत सुमारे ३ मिलिमीटरांपर्यंतचा फरक सामान्यतः चालतो. पाणसळीने दिसणारा एकसारखा उतार निराळा आणि खड्डा निराळा. फळीस बाधतो तो खड्डा.

तळ कोब्याचा असल्यास उंचवटे घासून काढावेत, सुटलेला थर खरवडावा आणि धूळ झाडून खोलगट भागात सपाटीकरणाचे सिमेंट ओतावे. तळाशी लाकडी वासे असल्यास उंच वाशास रंधा मारावा व बसक्या वाशावर लाकडी पट्टी ठोकावी. पुठ्ठ्याची घडी मात्र घालू नये, ती दबते.

खड्ड्याहून अधिक दगा देते ती ओल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्याच्या अनेक वस्त्यांत शिरले. अशा घरांत वरून कोरडा दिसणारा कोबाही पोटात ओल धरून असू शकतो. खालून ओल लागली की फळीचा तळ फुगतो, कडा वर येतात आणि मध्ये पन्हळ पडते. प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोनतीन दिवस ठेवावा. त्याखाली दव जमले, तर काम थांबवावे. दव दिसले नाही, तरी ओलमापक यंत्राने खात्री करून घेणे श्रेयस्कर. पुढे फळ्या बसविताना भिंतीलगत सुमारे १० मिलिमीटर जागा मोकळी सोडावी; पावसाळ्यात लाकूड आडवे फुगते, त्यास वाव हवा.

फळ्या बसविण्याचे काम थोड्या दिवसांत उरकते; तळ सुकण्यास कित्येकदा महिने लागतात. जो गृहस्थ हे महिने वाचवू पाहतो, त्याला पुढे तेच लाकूड उखडून पुन्हा तळापासून आरंभ करावा लागतो.