मंचावर टिकलं ते आणि घरात आटलं ते

गॉलवे (आयर्लंड) : आयर्लंडचा नाच म्हटलं की आपल्याकडे ‘रिव्हरडान्स’ आठवतो. १९९४च्या युरोव्हिजन स्पर्धेनं तो जगभर नेला. पण इथल्या पश्चिम किनाऱ्यावर, कोनेमारात, ‘शॅन-नोस’ ही जुनी रीत अजून जिवंत आहे. तिच्यात रांग नाही. एकटा माणूस नाचतो, हात मोकळे, पावलं जमिनीलगत. सुचेल तसा ठेका बदलत जातो. पूर्वी घरात फळीची जमीन नसली तर दार बिजागऱ्यांवरून काढून खाली टाकत आणि त्यावर नाचत.

शॅन-नोस गाणंही एकट्याचंच. वाद्याची साथ नाही, भाषा आयरिश, आणि लय शब्दांच्या कलानं चालते. प्रत्येक कडव्यात हरकतीच्या जागा बदलतात. शेजारी बसलेला श्रोता कधी गायकाचा हात धरतो आणि सुरांबरोबर हळूहळू फिरवत राहतो. शेवटची ओळ पुष्कळदा गात नाहीत, बोलून संपवतात.

१८४५पासूनच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच परदेशी गेली. या गाण्यांची आयरिश भाषा बोलणारा पश्चिम भाग सर्वाधिक होरपळला. पुढे १८९७ साली आयरिश भाषा आणि कलांसाठी ‘ओरॉख्तस’ महोत्सव सुरू झाला. आज तिथल्या गायनस्पर्धेला मोठा मान आहे. कोनेमारातल्या कार्ना गावचा शॅन-नोस गायक जो हीनी न्यूयॉर्कमध्ये दरवानाची नोकरी करत होता. पुढे त्यानं सिएटलच्या विद्यापीठात हीच गाणी शिकवली.

मात्र मयताच्या घरी बाया रचून रडत, ती शोकगीतांची चाल आटली. चर्चचा तिला विरोध होता, आणि ती मयताच्या प्रसंगाबाहेर जगणारी नव्हतीच. स्पर्धेचा मंच तिच्या कामी आला नाही.

हे वाशिमकरांना सांगावंसं वाटतं ते पोहरादेवीमुळे. संत सेवालाल महाराजांच्या या स्थानी २०२४ साली बंजारा वारशाचं संग्रहालय उघडलं, याचा आनंदच आहे. पण तांड्यावरची होळीची लेंगी आणि सासरी निघालेल्या नवरीचा ढावलो यांची निगा एकाच पद्धतीनं राखता येणार नाही. लेंगी डफावर दहाजणांत रंगते. तिला मंच द्या, पारख तांड्यातल्या जाणत्यांकडे ठेवा. ढावलो नवरीनं आपल्या माणसांच्या गळ्यात पडून म्हणायचा असतो. तो टिकायचा तर लग्नात डीजे थांबवून त्याला वेळ दिला पाहिजे, आणि नातीला गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा, आली पाहिजे. हे काम कोणत्याही सरकारचं नाही, घराघरातल्या थोरांचं आहे.