अनिश्चित लांबीचे उत्तर आणि स्मृतीची जबाबदारी : लॅपॅकचे उदाहरण

वैज्ञानिक सॉफ्टवेअर लायब्ररींत काही उत्तरांची लांबी गणना पूर्ण होईपर्यंत निश्चित होत नाही. अशा उत्तराच्या ॲरेसाठी संगणकाच्या स्मृतीत जागा कोणी राखावी, वापरकर्त्याच्या प्रोग्रामने की लायब्ररीने, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात संशोधनातील आकड्यांची विश्वासार्हता त्याच्याशी निगडित आहे.

रेषीय बीजगणितासाठीची लॅपॅक ही लायब्ररी १९९२ मध्ये उपलब्ध झाली. तिची रचना फोरट्रान ७७ या भाषेत झाली व त्या भाषेच्या प्रमाणित रूपात प्रोग्राम चालू असताना नवी स्मृती मागण्याची सोयच नव्हती. साहजिकच सर्व जागा वापरकर्त्याने आधी राखून द्यावी, असा संकेत रूढ झाला. सममित मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये व सदिश काढणारे डीएसवायईव्हीएक्स हे सबरुटीन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. क्रमाने पहिली २० मूल्ये मागितल्यास उत्तराची लांबी आधीच ठाऊक असते. मात्र दोन संख्यांच्या दरम्यानची मूल्ये मागितल्यास ती किती निघतील हे सांगता येत नाही. म्हणून सदिशांसाठी कमाल मर्यादा धरून जागा द्यावी, अशी सूचना त्यासोबत दिलेली आहे.

ही मर्यादा महाग पडते. १०,००० ओळी व तितकेच स्तंभ असलेल्या मॅट्रिक्सच्या सर्व सदिशांना दुहेरी अचूकतेत ८० कोटी बाइट लागतात. हाती आलेल्या २० सदिशांना १६ लाख पुरले असते. काटकसरीने कमी स्तंभ द्यावेत, तर धोका त्याहून मोठा आहे. सबरुटीनला ॲरेतील ओळींची संख्या कळवली जाते, स्तंभांची नाही. जागा अपुरी असल्याचे त्याला कळण्याचा मार्गच नसल्याने ते शेजारच्या स्मृतीवर लिहीत जाते. अशा वेळी प्रोग्राम बंद पडला तर ते सुदैवच म्हणावे; तो चालू राहून चुकीचे आकडे छापील, ही शक्यता अधिक भयावह होय.

आधी केवळ मूल्ये काढून त्यांची संख्या पाहावी व मग सदिश मागावेत, हा मार्ग सुरक्षित आहे, पण त्यात बरेचसे श्रम दुप्पट होतात. लांबीच्या जागी -१ देऊन विचारणा करण्याची लॅपॅकमधील सोय येथे उपयोगी पडत नाही. ती मधल्या आकडेमोडीसाठी लागणारी जागा सांगते, उत्तराची लांबी नव्हे.

फोरट्रान २००३ पासून बोलावलेले सबरुटीन स्वतःच हव्या त्या लांबीचा ॲरे निर्माण करून परत देऊ शकते. सी भाषेत लायब्ररीने राखलेली स्मृती मोकळी कोणी करायची हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते, आणि त्यासाठी लायब्ररीनेच वेगळे फंक्शन पुरवणे इष्ट. पायथनमधील सायपाय वापरणाऱ्याला नेमक्या लांबीचा ॲरे मिळतो खरा. परंतु मूल्यांची कक्षा देऊन सदिश मागितल्यास आत पूर्ण स्तंभांचीच जागा राखली जाते व उत्तर नंतर छाटून दिले जाते.